'तुमच्या संगणकाच्या संरक्षणासाठी' : एका खिडकीची समीक्षा

समीक्षा म्हटली की कादंबरीची, कवितासंग्रहाची, फार तर नाटकाची, अशी आपली समजूत असते. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत तो जेमतेम एका वाक्याचा आहे. त्याचा लेखक कोण, हे कुणाला ठाऊक नाही. पण इथे बसलेल्या आणि नंतर हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी तो कधी ना कधी पाहिलेला आहे. वाचलाय असं म्हणत नाही. पाहिला आणि बंद केला.

मजकूर इंग्रजीत असायचा, त्याचा अर्थ असा : तुमच्या संगणकाच्या संरक्षणासाठी विंडोजने हा प्रोग्राम बंद केला आहे. खाली प्रोग्रामचं नाव. आणि दोन बटणं, एक 'सेटिंग बदला', दुसरं 'संदेश बंद करा'. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक दोन आला, त्याच्यासोबत ही खिडकी आली. तिच्यामागे जी सोय आहे तिचं नाव डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन, थोडक्यात डेप. आता डेप म्हटलं की आपल्या जिल्ह्यात सरकीची ढेपच आठवते. आम्ही एका गावात हा शब्द उच्चारला तर एका काकांनी भाव विचारला होता.

आम्ही तिघे मित्र गेली काही वर्षं मेहकर, लोणार, चिखली या भागात ओळखीच्या लोकांचे संगणक बघून देतो. धंदा म्हणून नाही, बोलावलं की जातो. त्यातलं एक प्रकरण आधी सांगतो, कारण ही समीक्षा तिथूनच सुरू झाली.

२०२३ चा खरीप. त्या वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. ३१ जुलै ही मुदत, पुढे तीन दिवस वाढली. तुम्हाला ते दिवस आठवत असतील, सेवा केंद्रांसमोर रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत रांगा. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, हे सगळं स्कॅन करून चढवायचं. मेहकर तालुक्यातल्या एका केंद्रात नेमक्या त्या आठवड्यात स्कॅनरचा प्रोग्राम उघडला की दोन सेकंदांत नाहीसा व्हायचा. केंद्र चालवणारी ताई सांगत होती, "पाहा ना भाऊ, उघडते, दिसते, अन् गायब. बाहेर साठ माणसं उभी. म्या काय करू?"

आपल्याकडे संगणक बंद पडला की पहिला संशयित लाईट. भारनियमनाच्या काळात ही सवय लागली आणि ती चुकीची होती असंही नाही. व्होल्टेज खाली-वर झालं की काहीही होतं. मग इन्व्हर्टर तपासला. मग दुसरा संशयित, व्हायरस. मग तिसरा, रॅम; ती काढून खोडरबराने घासून परत बसवली. शेवटी तालुक्याहून एक जाणकार आला, त्याने काळ्या खिडकीत एक आज्ञा टंकली, संगणक रीस्टार्ट केला, आणि स्कॅनर चालायला लागला. रांग हलली. ताईने हात जोडले. तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही जोडले असते, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही तिथे गेलो ते पुढल्या वर्षी, वेगळ्याच कामासाठी. संगणक हळू चालतो म्हणून. सहज सिस्टीमच्या सेटिंगमध्ये, परफॉर्मन्सच्या आत, डेपचा रकाना उघडला, तर तिथले दोन्ही पर्याय करडे, हात लावता येत नव्हता. ही खूण लक्षात ठेवा. पर्याय करडे दिसले म्हणजे कुणीतरी बीसीडीएडिट नावाच्या आज्ञेने हे संरक्षण कायमचं चालू किंवा कायमचं बंद करून ठेवलेलं असतं. इथे कायमचं बंद होतं. म्हणजे ज्या यंत्रात अख्ख्या गावाचे आधार, पासबुकं, सातबारे साठलेले, तेच यंत्र वर्षभर एक कडी काढून उघडं. आणि ताईला याचा पत्ता नाही. कारण त्या रात्री जे झालं त्याला सगळे 'दुरुस्ती' म्हणत होते.

आता हे संरक्षण करतं काय, ते समजून घेऊ. त्याशिवाय टीका करण्यात अर्थ नाही.

समजा एका कार्यालयात अर्जाचा छापील नमुना आहे. नावासाठी वीस चौकटी. त्यांच्या लगेच खाली कार्यालयाने स्वतःसाठी एक ओळ ठेवली आहे : 'पुढील कार्यवाही, टेबल क्रमांक तीन.' एका अर्जदाराने नाव इतकं लांब लिहिलं की ते चौकटी ओलांडून खालच्या ओळीवर गेलं. आणि मुद्दाम असं लिहिलं की त्या ओळीत आता वाचता येतं, 'पुढील कार्यवाही, याच अर्जाच्या मागच्या पानावर पाहा.' मागच्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने आदेश लिहून ठेवलाय : अमुक गट नंबरची जमीन माझ्या नावावर करा. आणि कारकून असा, की समोर येईल ते वाचतो आणि करतो. प्रोसेसर हा तसला कारकून आहे. त्याला माहिती आणि आदेश यांतला फरक कळत नाही, दोन्ही आकडेच.

ही काल्पनिक गोष्ट नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म नावाचा किडा सुटला, त्याची एक वाट हीच होती. एका सेवेने ५१२ बाइटची जागा ठेवली होती, किड्याने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट खालच्या ओळीवर गेले. पुढे २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला, २००४ च्या एप्रिलअखेर सॅसर. ज्यांचे तेव्हा तालुक्याच्या गावी कॅफे किंवा एमएस-सीआयटीची केंद्रं होती त्यांना तो साठ सेकंदांचा उलटा आकडा आठवत असेल. संगणक बंद होणार, काय ते जतन करा. मूळ दोष त्याच जातीचा.

डेपचा उपाय साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच आम्हाला तो आवडतो. मेमरीच्या प्रत्येक पानावर शिक्का : या पानावर फक्त नोंदी आहेत, इथून आदेश वाचायचा नाही. मागच्या पानावर अर्जदाराने काहीही लिहो, कारकून तिथे गेला की शिक्का पाहून थांबतो, आणि ते कामच बंद करतो. जुन्या ३२ बिट प्रोसेसरमध्ये हा शिक्का मारायला पानावर जागाच नव्हती. जे पान वाचता येतं ते चालवताही येतं, असा हिशेब. २००३ मध्ये एएमडीने आपल्या ६४ बिट प्रोसेसरमध्ये ती जागा दिली, इंटेलने लवकरच तेच केलं. ओपनबीएसडीवाल्यांनी तर २००३ च्या मे महिन्यातच आपल्या आवृत्तीत हे तत्त्व आणलं होतं, जे पान लिहिता येतं ते चालवता येणार नाही. मायक्रोसॉफ्ट वर्षभर मागून आली, पण घराघरांत तिनेच पोचवलं. विंडोज ८ पासून तर हा शिक्का न ओळखणाऱ्या प्रोसेसरवर विंडोज बसतच नाही.

तर कल्पना उत्तम. मग बिघडलं कुठे? आमचं म्हणणं असं की बिघडलं ते त्या वाक्यात.

वाक्य परत बघा. 'संरक्षणासाठी बंद केला आहे.' कुणापासून संरक्षण? ते सांगत नाही. आणि इथे तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच वाक्याखाली दडपल्या जातात. पहिली, खरोखर कुणीतरी हल्ला करत होतं. दुसरी, प्रोग्राम प्रामाणिक आहे पण जुन्या वळणाचा. काही जुने प्रोग्राम चोरून कॉपी होऊ नयेत म्हणून गुंडाळलेले असत, चालू झाल्यावर स्वतःला नोंदींच्या पानावर उलगडत आणि तिथूनच चालत. तेव्हा तो गुन्हा नव्हता, शिक्का आल्यावर झाला. तिसरी, प्रोग्राममध्ये साधी चूक आहे, तो चुकीच्या पत्त्यावर उडी मारतो आणि ती उडी नोंदींच्या पानावर पडते. या तिसऱ्यात डेपने काही मोडलं नाही. आधीच मोडलेलं होतं ते दाखवलं. रोगी, चोर आणि जुन्या रीतीचा माणूस, तिघांनाही एकच नोटीस. आणि नोटिशीच्या शेजारीच 'सेटिंग बदला' हे बटण! दारावरच्या रखवालदाराने एकाला अडवावं, कारण सांगू नये, आणि वर म्हणावं की माझी अडचण होत असेल तर मला नोकरीवरून काढा, अर्ज इथेच मिळेल.

पुढच्या काळात मायक्रोसॉफ्टने यात सुधारणा केली असं वाटेल, तर उलट झालं. आता बऱ्याचदा प्रोग्राम नुसता नाहीसा होतो. खिडकी नाही, वाक्य नाही. ताईच्या स्कॅनरचं तेच झालं. माहिती आहे, पण ती आतल्या खोलीत ठेवलीय. शोधाच्या रकान्यात रिलायबिलिटी टंकलं की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. त्यात तारखांवर लाल फुल्या दिसतात. फुलीवर टिचकी मारून तांत्रिक तपशील उघडायचा. तिथे प्रसंगाचं नाव 'बेक्स' असेल, एक्सेप्शन कोड सी००००००५ असेल आणि एक्सेप्शन डेटा ०००००००८ असेल, तर ते डेप. तो शेवटचा आठ महत्त्वाचा, त्याचा अर्थ 'जिथून चालवायचं नाही तिथून चालवायचा प्रयत्न'. बेक्सच लिहिलंय पण कोड सी००००४०९ आहे, तर तो वेगळा पहारेकरी. तिथे प्रोग्रामने स्वतःच आपल्या चौकटी ओलांडल्या गेल्याचं ओळखलंय, डेपला हात लावून काही होणार नाही. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि दोन्हीला डेप बंद करण्याचंच औषध देतात.

आणखी एक गंमत. त्याच तपशिलात दोषी मॉड्यूल म्हणून 'स्टॅकहॅश' आणि पुढे काही अक्षरं-आकडे दिसतात. आम्हाला आजवर निदान चार जणांनी विचारलंय की हा स्टॅकहॅश व्हायरस कसा काढायचा. अहो, तो व्हायरस नाही. तो प्रोग्रामही नाही. कारकून जिथे पोचला ते पान कुठल्याच ओळखीच्या फाइलचं नव्हतं, म्हणून विंडोजने त्याला दिलेलं ते कामचलाऊ नाव. बेवारस प्रेतावर पोलीस क्रमांक टाकतात तसं. पण ज्याने हे नाव ठेवलं त्याने एकदाही विचार केला नाही की हे कुणीतरी वाचणार आहे.

आता त्या प्रचलित दुरुस्तीकडे येऊ. 'डेप बंद करा' हा सल्ला. आमचा त्यावर मुख्य आक्षेप असा नाही की तो धोकादायक आहे. तो आहेच. आक्षेप असा आहे की त्यातून निदान होत नाही. तुम्ही पहारेकरी काढला, प्रोग्राम चालला. पण वरच्या तिन्हींपैकी कारण कोणतं होतं हे आता कधीच कळणार नाही. चोर असता तरी तो असाच चालला असता.

आम्ही ताईच्या केंद्रात मग काय केलं ते सांगतो, कारण त्यात उलट्या दिशेने जावं लागलं. आधी तिची परवानगी घेतली, कामाचा दिवस नव्हता. ती आज्ञा मागे घेतली, संगणक रीस्टार्ट केला, पर्याय परत हलायला लागले. तिथे दोन पर्याय असतात. एक, फक्त विंडोजच्या आवश्यक प्रोग्रामांना आणि सेवांना संरक्षण. हा घरगुती विंडोजचा मूळ पर्याय. दुसरा, सगळ्यांना संरक्षण, मी निवडेन ते सोडून. आम्ही दुसरा लावला, पुन्हा रीस्टार्ट, स्कॅनर उघडला. गायब! आजार मुद्दाम परत आणला. तपशिलात बेक्स, आणि शेवटी आठ. तेव्हा ताईला आठवलं, जुलैच्या आधी तिच्या भाच्याने 'सुरक्षा वाढवायची' म्हणून कुठलासा व्हिडिओ पाहून हाच दुसरा पर्याय लावला होता. म्हणजे आधी इतकी वर्षं स्कॅनर चालत होता आणि अचानक बंद का पडला, याचं उत्तर मिळालं. भाच्याचं चुकलं म्हणवत नाही. त्याने केलं ते बरोबरच होतं, फक्त नंतर एक प्रोग्राम तपासायचा राहिला.

मग अपवादाच्या यादीत फक्त त्या स्कॅनरच्या प्रोग्रामचं नाव टाकलं. चालला. आता निदान पक्कं : जुन्या वळणाचा, पण प्रामाणिक. यादीत टाकून चालला नसता तर कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं, मग रॅमची चाचणी वगैरे. शेवटी स्कॅनर बनवणाऱ्यांची नवी आवृत्ती उतरवली, तिला अपवादाची गरज पडली नाही, नाव यादीतून काढून टाकलं. सगळं मिळून दीड तास. रांग उभी असताना दीड तास कुणाकडे असतो, हा प्रश्न उरतोच. पण यादीत एक नाव टाकायला आणि सगळंच बंद करायला लागणारा वेळ जवळपास सारखा आहे. त्या रात्रीसुद्धा ते जमलं असतं.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. ही यादी ३२ बिट प्रोग्रामांपुरती आहे. ६४ बिट प्रोग्रामला हे संरक्षण कायम लागू, तो यादीत जात नाही. आणि दुसरं, हे आम्ही फार जोर देऊन सांगतो : बंद पडणारा प्रोग्राम बाहेरच्या फाइली उघडणारा असेल, म्हणजे ब्राउझर, पीडीएफ वाचणारा, वर्ड, आणि तो एखाद्याच फाइलवर बंद पडत असेल, तर त्याला अपवाद करू नका. तिथे संशय फाइलवर घ्यायचा. ती फाइल ज्याने पाठवली त्याला फोन करून विचारा, आणि तोवर उघडू नका.

मराठी टंकलेखनाची जुनी सॉफ्टवेअरं हा एक वेगळाच अध्याय आहे. आपल्याकडच्या वकिलांच्या, दस्तलेखकांच्या, छापखान्यांच्या संगणकांत युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये पंधरा-वीस वर्षांचं लिखाण पडून आहे. ते वाचायला तेच जुनं सॉफ्टवेअर लागतं. अशी सॉफ्टवेअरं कळफलक पकडण्यासाठी आपला एक तुकडा दुसऱ्या चालू प्रोग्रामच्या पोटात घालतात. मग बंद पडतो वर्ड, आणि दोष असतो पोटातल्या तुकड्याचा. म्हणून तपशील वाचताना कोणता प्रोग्राम बंद पडला एवढ्यावर थांबू नका, दोषी मॉड्यूलची ओळही वाचा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये २००० पासून. तरी आपण संरक्षण उतरवून जुना फॉन्ट सांभाळतो. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण चिखलीच्या एखाद्या दस्तलेखकाला सांगून पाहा की तुझे वीस वर्षांचे मसुदे रूपांतरित कर, प्रत्येक जोडाक्षर तपासून. कोण करणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

नव्या लॅपटॉपवर हाच खेळ वेगळ्या नावाने चालू आहे. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस सिक्युरिटीच्या आत कोअर आयसोलेशन, त्यात मेमरी इंटिग्रिटी. तत्त्व तेच, पण हे थेट विंडोजच्या गाभ्यात. जे पान लिहिता येतं ते चालवता येणार नाही, आणि त्याची राखण गाभ्याच्याही बाहेरून, एका वेगळ्या कप्प्यातून होते. जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर हे नियम मानत नसेल तर तो लोडच होत नाही, क्वचित निळा पडदाही येतो. इथे मात्र मायक्रोसॉफ्टला श्रेय दिलं पाहिजे. विसंगत ड्रायव्हरची यादी नावासकट समोर येते. कुणाचं चुकतंय हे कळतं. २००४ च्या खिडकीला जे जमलं नाही ते इथे निम्मं तरी जमलंय. बहुतेक वेळा तो ड्रायव्हर कधीच भंगारात गेलेल्या उपकरणाचा असतो, तो काढून टाकला की विषय मिटतो. लोक मात्र अजूनही आधी स्विचच बंद करतात.

शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "हे चालू ठेवलं म्हणजे आपण सुरक्षित का?" नाही. १९९७ मध्येच 'सोलर डिझायनर' या टोपणनावाच्या माणसाने दाखवलं की मागच्या पानावर स्वतःचा आदेश लिहायची गरजच नाही. कारकुनाला कार्यालयातल्याच एखाद्या खऱ्या आदेशाकडे पाठवता येतं. २००७ मध्ये याचं पूर्ण शास्त्र मांडलं गेलं. कार्यालयातले खरे शासन निर्णय घ्यायचे, एकातली अर्धी ओळ, दुसऱ्यातली अर्धी, आणि जोडून आपल्याला हवा तो आदेश तयार करायचा. प्रत्येक तुकड्यावर शिक्का खरा, त्यामुळे डेपला काही वावगं दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून व्हिस्टापासून कपाटांच्या जागा बदलत ठेवायला सुरुवात झाली, म्हणजे कुठला निर्णय कुठे आहे हे बाहेरच्याला आधी कळू नये. पण ते वेगळ्या व्याख्यानाचं काम.

दुसरा प्रश्न एका ताईंचा होता : आपल्या केंद्रात कुणी अशी आज्ञा देऊन ठेवलीय का, हे कसं बघायचं? विंडोज आणि आर ही दोन बटणं एकदम दाबा, सिसडीएम डॉट सीपीएल टंका, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग, शेवटचा रकाना. पर्याय करडे दिसले तर काहीही न बदलता त्याचा फोटो काढा, आणि जो शेवटचा दुरुस्तीला आला होता त्याला आधी विचारा की काय केलं होतं. बहुतेक वेळा त्याला आठवतं.